मोठा अल्टरनेटर बसवला, आता चार्जिंग कसं बघायचं

अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज तयार करणारं आणि बॅटरी चार्ज करणारं यंत्र) बदलून गाडी आमच्याकडून गेली की दोन दिवसांत फोन येतो. "शेठ, नव्वद अँपिअरचा बसवलात, पण मीटर तेरा व्होल्टच दाखवतोय. मग फरक काय पडला?" फरक पडलेला असतो. तो कधी आणि कुठे बघायचा, तेवढंच राहिलेलं असतं. फोनवर तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून हा कागद छापला. गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवा.

नव्वद अँपिअरचा अल्टरनेटर बॅटरीत नव्वद अँपिअर कोंबत नाही. व्होल्ट रेग्युलेटरच्या (व्होल्ट ठराविक ठेवणाऱ्या भागाच्या) हातात असतात, ते जुन्याइतकेच राहतात. मोठेपण दिसतं ते लोड टाकल्यावर. पूर्वी हेडलाइट, एसीचा पंखा आणि अँप्लिफायर एकदम चालू केले की काटा साडेबारावर यायचा. आता तो साडेतेराच्या वर टिकायला हवा. तपासायचं ते हेच.

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा आणि पिना थेट बॅटरीच्या शिशाच्या खांबांवर टेकवा, क्लॅम्पवर नको. गाडी रात्रभर उभी असेल तर चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ किंवा खाली असेल तर बॅटरी आधी चार्जरवर लावा. उतरलेली बॅटरी भरायचं काम नव्या अल्टरनेटरवर टाकलं की तो तासन्‌तास पूर्ण ताकदीने चालून तापतो. नंतर सेल मारा, थोडी रेस देऊन इंजिन दोन हजार आरपीएमला धरा आणि आकडा बघा: १३.८ ते १४.५. आता सगळा लोड टाका आणि परत बघा. इंजिन चांगलं तापल्यावर आकडा दोन-तीन दशांशांनी उतरतो. ते रेग्युलेटर मुद्दाम करतो, घाबरू नका. १४.८ च्या वर जात असेल तर मात्र गाडी लगेच आणा, बॅटरी उकळेल.

रेस का द्यायची? स्लोला इंजिन ८०० वर असतं, पुलीच्या हिशोबाने अल्टरनेटर दोन हजारांच्या आसपास फिरतो. त्या वेगाला मोठा अल्टरनेटर छापील अँपिअरच्या निम्मेही देईलच असं नाही. त्यामुळे स्लोला, सगळे दिवे लावून, १३.१ दिसले म्हणजे माल खराब असं होत नाही.

(एक गृहस्थ चाळीस किलोमीटरवरून तणतणत आले, १६.२ दाखवतंय म्हणून. आमच्या मीटरवर १४.३. त्यांच्या मीटरमधला नऊ व्होल्टचा सेल उतरला होता. स्वस्त मीटर अशा वेळी आकडा फुगवून सांगतात.)

आता ज्याने आमचे दिवसच्या दिवस जातात ती गोष्ट. इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढायचं, गाडी बंद पडली नाही तर "डायनामो ओके". हे कृपा करून कुणालाही करू देऊ नका, मेकॅनिक कितीही जुना असो. खऱ्या डायनामोच्या जमान्यात ते खपून जायचं. अल्टरनेटर भरात असताना बॅटरी अचानक सुटली की व्होल्ट क्षणात उसळतात. रोखणारं काही नसेल तर शंभरच्या घरातही जातात. आणि त्यातून कळतं काय? मेकॅनिकल पंपाचं जुनं डिझेल इंजिन तसंही अल्टरनेटरशिवाय चालतं.

मागच्या गणपतीत एका मंडळाची साउंडची पिकअप आली. रस्त्यात कुणीतरी हीच परीक्षा घेतली होती, गाडी पासही झाली होती. पुढे बल्ब उडाले, चार्जिंगचा लाल दिवा मंद पेटून राहिला. अल्टरनेटर टेबलावर उघडला तर जळक्या वार्निशचा वास आणि सहापैकी दोन डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) शॉर्ट. अल्टरनेटर बसवून चार दिवसही झाले नव्हते. म्हणून बिलावर लिहिलेलं असतं: टर्मिनल काढलेल्या गाडीला वॉरंटी नाही. डायोड कशाने गेला ते आम्हाला बऱ्याचदा उघडल्यावर समजतं, वाद घालून उपयोग नाही.

दुसरी तक्रार, केबलचे पैसे वेगळे का. हिशोब सांगतो. दीड मीटर लांबीच्या ६ स्क्वेअर एमएमच्या जुन्या तांब्याच्या वायरीतून ९० अँपिअर गेले की जवळपास ०.४ व्होल्ट वायरीतच जातात, वायर तापते ती वेगळी. १६ ची टाकली की तोच आकडा ०.१५. म्हणून आम्ही केबल, फ्यूज आणि इंजिनाची अर्थ पट्टी बदलल्याशिवाय मोठा अल्टरनेटर बसवत नाही. घरी बघायचं असेल तर लोड टाकून, रेस धरून, मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या जाड वायरीच्या बोल्टवर आणि दुसरी बॅटरीच्या प्लसवर लावा. ०.३ च्या वर आलं तर दोष वायरीत किंवा लगमध्ये (वायरीच्या टोकाच्या कडीत) आहे. तसंच अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचा मायनस यांच्यामध्ये बघा, तिथे ०.२ च्या वर नको. पिन बोल्टवरून सरकून बॉडीला लागू देऊ नका, ठिणगी मोठी उडते.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत व्होल्ट किती ठेवायचे ते इंजिनाचा कॉम्प्युटर ठरवतो. आकडा वर-खाली होत राहतो, एकदा बघून निष्कर्ष काढू नका. अशा गाडीला मोठा अल्टरनेटर बसतो की नाही ते आम्ही गाडी बघूनच सांगतो, फोनवर नाही.

आमच्याकडे बसवलेल्या अल्टरनेटरचं आठ दिवसांनी एकदा बेल्ट ताणणं आणि लोडवर चेकिंग फुकट आहे. नवा बेल्ट ढिला पडतोच, तेव्हा तक्रार नसली तरी या. फोन करायचा असेल तर आधी तीन आकडे लिहून घ्या: गाडी बंद असताना, दोन हजारांवर लोड नसताना आणि लोड असताना. मंगळवारी दुकान बंद असतं.