वायपर मोटर ते ड्रोन मोटर: भंगारातून लढाऊ रोबोट कसे आले

हल्ली मोबाइलवर रोबोटच्या लढाया बघून कॉलेजची पोरं विचारतात की असा रोबोट बनवायला किती लाख लागतील, आणि त्यांचं काही चुकत नाही, कारण समोर दिसतो तो बॅटलबॉट्स या अमेरिकन टीव्ही स्पर्धेतला ११३ किलोचा, अंगभर स्पॉन्सरचे स्टिकर लावलेला राक्षस. पण हा खेळ असा सुरू झालेला नाही. तो भंगाराच्या ढिगात जन्मला, आणि त्याचा इतिहास नीट बघितला तर मला तरी तो दुसऱ्याच धंद्यांसाठी बनलेल्या मोटर्सचा इतिहास वाटतो. ज्या काळात जी मोटर भंगारात किंवा सेकंडहँड बाजारात जास्त मिळायची, त्या काळचा गरिबाचा रोबोट तसा दिसतो.

मूळ शोधायचं तर १९७८ च्या सॅन फ्रान्सिस्कोला जावं लागतं. मार्क पॉलीन नावाच्या कलाकाराने तिथे सर्व्हायव्हल रिसर्च लॅबोरेटरीज सुरू केली, कारखान्यांतलं टाकाऊ सामान जोडून अवाढव्य यंत्रं करायची आणि लोकांसमोर ती एकमेकांवर सोडायची. ही स्पर्धा नव्हती, हरजीत नव्हती, पण यंत्रांची मारामारी बघायला माणसं येतात हे तिथे कळलं. (पॉलीनने १९८२ मध्ये रॉकेट मोटरवर काम करताना स्फोटात हाताची बोटं गमावली, हे मी नवीन पोरांना आवर्जून सांगतो.) मग १९८७ मध्ये डेन्व्हरला विज्ञानकथावाल्यांच्या एका संमेलनात डेन्व्हर मॅड सायंटिस्ट्स सोसायटीने क्रिटर क्रंच भरवलं, नियम लावून रोबोट लढवायची बहुतेक तीच पहिली स्पर्धा.

नाव झालं ते मात्र मार्क थॉर्पचं. हा माणूस इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकमध्ये सिनेमांसाठी मॉडेल्स बनवायचा आणि १९९२ च्या सुमारास घरासाठी रिमोटवर चालणारा व्हॅक्युम क्लीनर करायच्या खटपटीत होता. क्लीनर काही जमला नाही पण त्यातून रोबोट लढवायची कल्पना निघाली आणि ऑगस्ट १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्ट मेसनला पहिलं रोबोट वॉर्स झालं.

इथे ब्लेंडो नावाच्या रोबोटबद्दल जरा थांबून सांगतो, कारण कमी पैशात काय होऊ शकतं याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. जेमी हायनेमनने, सोबत ॲडम सॅव्हेज, १९९५ मध्ये आणलेला हा रोबोट म्हणजे एक भलीमोठी चायनीज कढई उलटी घातलेली, तिच्या कडेला पाती आणि आत गवत कापायच्या मशीनचं पाच हॉर्सपॉवरचं इंजिन. बस. ते इंजिन सगळी कढईच गरागरा फिरवायचं. समोरच्या रोबोटचे तुकडे कुंपणावरून प्रेक्षकांच्या दिशेने उडायला लागले तेव्हा आयोजकांनी त्याला सहविजेता जाहीर केलं आणि लढाईतून बाहेर काढलं.

यामागचं गणित बजेटवाल्यांनी समजून घेतलंच पाहिजे. फिरत्या वस्तूतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे वेग दुप्पट तर ऊर्जा चौपट, आणि वजन जितकं कडेला तितकं चांगलं. त्यामुळे मोटर फार ताकदीची नसली तरी चालते, तिला काही सेकंद मिळाले की ती थोडी थोडी ऊर्जा त्या जड चाकात साठवत जाते आणि धडक बसली की ती सगळी एका क्षणात बाहेर पडते. महागडी मोटर परवडत नसेल तर तिच्या जागी वेळ वापरायचा. पुढे जगभर स्पिनर, म्हणजे फिरत्या हत्याराचे रोबोट, माजले ते याच हिशोबावर.

थॉर्पचा पैसे लावणाऱ्या कंपनीशी कोर्टात वाद झाला आणि १९९७ नंतर अमेरिकेतलं रोबोट वॉर्स बंदच पडलं, पण तोवर ते नाव इंग्लंडला पोचलं होतं. फेब्रुवारी १९९८ पासून बीबीसी टूवर मालिका सुरू झाली आणि पहिल्या वर्षी जिंकला रोडब्लॉक, कॉर्नवॉलमधल्या बॉडमिनच्या एका शाळेच्या टीमचा रोबोट. इंग्लंडच्या गॅरेजवाल्यांनी जी मोटर उचलली ती इलेक्ट्रिक व्हीलचेअरची. जरा विचार केला की कारण लगेच कळतं. हेवीवेट रोबोटची मर्यादा आधी ८० किलोच्या आसपास आणि नंतर १०० किलो होती, म्हणजे खुर्चीत बसलेल्या माणसाइतकंच वजन! तेच ओझं चढावर ओढण्यासाठी बनलेली, गिअरबॉक्ससकट मिळणारी २४ व्होल्टची मोटर जुन्या खुर्चीतून काढायची, तिचा इलेक्ट्रिक ब्रेक काढून टाकायचा नाहीतर चाक फिरतच नाही, आणि हिंमत असेल तर ३६ व्होल्ट द्यायचे. काही मिनिटांच्या लढाईत तापायला तिला वेळ कुठे मिळतो. उलथवणारे फ्लिपर करणारे लोक कार्बन डायऑक्साइडच्या जुन्या अग्निशामक नळकांड्या वापरायचे.

अमेरिकेत १९९९ ला लाँग बीचला बॅटलबॉट्स झालं आणि २००० ते २००२ कॉमेडी सेंट्रलवर चाललं, तिथे गरिबाची मोटर होती ती बिनवायरच्या ड्रिल मशीनची. तिला वेग कमी करून जोर वाढवणारा प्लॅनेटरी गिअरबॉक्स जोडलेलाच येतो, फक्त आतला क्लच लॉक करावा लागतो नाहीतर जोर लागला की टर्र करून घसरतो. तिथे टीव्हीवरून खेळ २००२ ला गेला, स्पॉन्सर गेले, आणि माझ्या मते हीच त्याची सगळ्यात महत्त्वाची वर्षं, कारण जे टिकले ते स्वतःच्या खिशातून खेळणारे होते आणि त्यांनीच हलके गट वाढवले. सॅन फ्रान्सिस्कोला २००४ मध्ये सुरू झालेल्या रोबोगेम्स या स्पर्धेतही अशांना जागा मिळाली.

एक गोष्ट मात्र भंगारात कधीच धड मिळाली नाही, ती म्हणजे स्पीड कंट्रोलर. मोटर फुकटात मिळायची पण तिला मागेपुढे कमीजास्त वेगाने चालवणारं सर्किट मोटरच्या कितीतरी पट महाग, म्हणून लोक रिले, म्हणजे विजेवर चालू-बंद होणारे स्विच, लावायचे आणि रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटले की रोबोट थांबायचं नावच घ्यायचा नाही. या त्रासातूनच काही हौशी लोकांनी ऑनलाइन जमून ओएसएमसी (ओपन सोर्स मोटर कंट्रोलर) नावाचं खुलं डिझाइन केलं, कुणीही बनवा, कुणीही सुधारा.

आपल्याकडे हे वारं आलं ते इंजिनिअरिंग कॉलेजच्या फेस्टमधून. आयआयटी मुंबईचा टेकफेस्ट १९९८ ला सुरू झाला, पुढे त्यातलं रोबोवॉर्स मोठं झालं आणि मग प्रत्येक कॉलेजला आपलं एक हवंच झालं. सुरुवातीचे बरेच रोबोट वायरवाले असायचे, रेडिओ परवडायचा नाही म्हणून लांबलचक केबल आणि तिच्या टोकाला डीपीडीटी स्विच (मोटर उलटसुलट फिरवणारे) लावलेला डबा, एक जण चालवतोय आणि दुसरा केबल वर धरून मागे पळतोय हे दृश्य त्या काळातल्या कुणालाही आठवेल. आमची मोटर म्हणजे गाडीची वायपर मोटर. पुण्यात रविवारी नाहीतर बुधवारी जुना बाजार, मुंबईवाल्यांना कुर्ल्याचं गाड्यांचं भंगार, इलेक्ट्रॉनिक्सला लॅमिंग्टन रोड, बेअरिंगला नागदेवी. वायपर मोटरला जोर भरपूर पण वेग अगदी कमी, कारण आत वर्म गिअर, आणि बऱ्याच मोटर्समध्ये निगेटिव्ह थेट बॉडीला जोडलेला असतो. हे आम्हाला माहीत नव्हतं. दोन मोटर्स लोखंडी चॅसिसवर बसवल्या, एक पुढे आणि एक मागे फिरवली आणि शॉर्ट होऊन सगळी वायरिंग वितळली, स्पर्धेच्या आदल्या रात्री. यूपीएसची जुनी १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी एकेक दोन-सव्वादोन किलोची, चार लावल्या की वजनाचं गणित तिथेच कोसळायचं. हत्यारासाठी ट्रकचे कमानपाटे वापरायचो, आणि ते आजही वापरावेत, स्प्रिंग स्टील मार खातं पण तुटत नाही, फक्त गॅस कटरने कापलं तर कडेचं टेंपर, म्हणजे चिवट कडकपणा, जातं म्हणून ग्राइंडरने, पाणी मारत मारत, हळू कापायचं.

मग ड्रोन आले आणि सगळं बदललं. ब्रशलेस मोटर, लिथियम पॉलिमर बॅटरी, २.४ गिगाहर्ट्झचा स्वस्त रेडिओ हे सगळं विमानं आणि ड्रोन उडवणाऱ्यांसाठी लाखोंनी बनायला लागलं आणि उरलेसुरले, क्रॅश झालेल्या ड्रोनमधले भाग आपल्या वाट्याला आले. थ्रीडी प्रिंटिंगची एक मुख्य पद्धत २००९ ला पेटंटमधून मोकळी झाल्यावर प्रिंटरही खाली आले. म्हणून आता कमी बजेट म्हणजे छोटा रोबोट. अमेरिकेत अँटवेट, म्हणजे मुंगीएवढा हलका गट, ४५४ ग्रॅमचा, इंग्लंडमध्ये तर १५० ग्रॅमचाच आणि चार इंचाच्या ठोकळ्यात मावणारा, बीटलवेट दीड किलोच्या आत. अमेरिकेत अँटवेटचा एक गट तर असा आहे की त्यात बॉडी आणि हत्यार प्रिंटरवर निघणाऱ्या साध्या प्लॅस्टिकचंच करायचं, म्हणजे पैसेवाल्याचं टायटॅनियम तिथे चालतच नाही. हा नियम मला फार आवडतो, आपल्या कॉलेजांनी तो उचलावा असं मनापासून वाटतं.

बॅटरी मात्र भंगारातून घेऊ नका. जुन्या लॅपटॉपचे सेल तेवढा करंट देऊच शकत नाहीत आणि फुगलेली लिथियम पॉलिमर बॅटरी तर घरात आणूच नये. तसंच कुठलं स्टील आहे हे माहीत नसलेला तुकडा फिरत्या हत्याराला लावू नये, तो फुटला तर समोरच्या रोबोटकडेच जाईल याची काही खात्री नसते.

सध्या भंगारात नवीन काय आलंय विचाराल तर हॉवरबोर्ड, म्हणजे उभं राहून चालवायची ती दोन चाकांची विजेची फळी. २०१५ ला त्याचं वेड आलं, आगी लागायला लागल्या, जुलै २०१६ मध्ये एकट्या अमेरिकेत ५ लाखांहून जास्त परत मागवले गेले. त्यातल्या बॅटरीला हात लावू नका, पण चाकातच बसवलेली ब्रशलेस मोटर आणि तिचं कंट्रोलर बोर्ड दोन्ही कामाची आहेत, त्या बोर्डासाठी हौशी लोकांनी खुलं फर्मवेअरही लिहून ठेवलंय, म्हणजे जो कंट्रोलर भंगारात कधी मिळत नव्हता तो आता मोटरसोबत त्याच डब्यात मिळतोय.