अंधारात बोलणारा निळा

बर्लिनच्या नॉयेस म्युझियममध्ये प्राचीन इजिप्तची राणी नेफरतिती हिचा अर्धपुतळा आहे. 1912 साली अमार्नाच्या उत्खननात, थुतमोस या शिल्पकाराच्या कार्यशाळेत तो सापडला. चेहऱ्याइतकीच नजर खिळवून ठेवतो तो तिचा उंच निळा मुकुट. सुमारे 3,300 वर्षांनंतरही तो निळाच आहे.

हा निळा खाणीतून आलेला नाही. लाजवर्द हा खरा निळा दगड थेट अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून यायचा, म्हणून फार महाग. इजिप्तच्या कारागिरांनी त्याला पर्याय भट्टीत घडवला, तोच हा ‘इजिप्तचा निळा’. वाळू, चुनखडी, तांबे आणि आपल्या पापडखाराच्या जातीचा नेट्रॉन हा खार एकत्र करून 900 अंश सेल्सिअसच्या आसपास कित्येक तास तापवायचे. आच फार वाढली किंवा भट्टीत हवा कमी पडली, की रंग हातचा जायचा. तापमापक नसताना हे साधणाऱ्या माणसांबद्दल मला पिरॅमिड रचणाऱ्यांइतकाच आदर वाटतो. जाड दळला तर गडद, बारीक दळला तर फिका, अशा छटाही एकाच रंगातून मिळत. पुढे पुढे तर तांब्याऐवजी मोडीतले कांसे वापरले जाई. रंगात सापडणाऱ्या कथिलावरून ते कळते.

रासायनिकदृष्ट्या हे कॅल्शियम कॉपर सिलिकेट. त्यातला तांब्याचा प्रत्येक आयन ऑक्सिजनच्या चार अणूंच्या चौकोनात बसलेला असतो. ही रचना प्रकाशातला तांबडा-नारिंगी भाग शोषते आणि निळा परत पाठवते. ती इतकी स्थिर आहे, की ऊन आणि काळ तिला सहसा हलवू शकत नाहीत.

रोमनांना या रंगाने वेड लावले. वेस्टोरियस नावाच्या माणसाने अलेक्झांड्रियातली कृती इटलीत पोझुओलीला आणली, असे रोमन वास्तुकार विट्रुव्हियस लिहितो. रोमन साम्राज्य ढासळल्यावर रंगाचा वापर जवळजवळ थांबला. म्हणूनच रोममधल्या व्हिला फार्नेसिना या वाड्यात सोळाव्या शतकातल्या राफाएल या चित्रकाराने रंगवलेल्या, गॅलाटिया या जलपरीच्या भित्तिचित्रात तो सापडला, तेव्हा अभ्यासक चकित झाले. राफाएलने जुने ग्रंथ धुंडाळून तो पुन्हा बनवला असावा, असा त्यांचा अंदाज आहे.

पण तो सापडतो कसा? या रंगावर साधा तांबडा प्रकाश टाकला, की तो सुमारे 910 नॅनोमीटर लांबीच्या अवरक्त लहरी बाहेर टाकतो. आपल्या डोळ्यांना त्या दिसत नाहीत, अवरक्त गाळणी काढलेल्या डिजिटल कॅमेऱ्याला मात्र दिसतात. फोटोत रंगाचा कणन् कण पांढराशुभ्र चमकतो, मग नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नसले तरी.

2009 साली संशोधक जोव्हान्नी व्हेरी यांनी हीच युक्ती ब्रिटिश म्युझियममधल्या, अथेन्सच्या पार्थेनॉन या प्राचीन ग्रीक मंदिराच्या शिल्पांवर वापरली. ही संगमरवरी शिल्पे पिढ्यान्‌पिढ्या पांढरीच मानली गेली होती. दिवे मालवले, कॅमेरा लावला, आणि आयरिस देवतेच्या कमरेचा पट्टा उजळून निघाला. ग्रीक देवतेच्या अंगावर तो इजिप्तचा निळा होता.