द्वैभाषिक राज्यातली तिसरी भाषा

विदर्भाला द्वैभाषिक कारभार नवा नाही. १९५६ पर्यंत इथले आठ जिल्हे जुन्या मध्य प्रदेशात होते. तिथे हिंदी-मराठीची जोडी. मग द्वैभाषिक मुंबई राज्य आलं, जोडी मराठी-गुजरातीची. १९६० ला महाराष्ट्र झाला. या तिन्ही घडींमध्ये मेळघाटची कोरकू आणि गडचिरोलीची गोंडी-माडिया हिशेबातच नव्हती. घटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत, त्या आजही नाहीत.

या मराठीच्याच बोली, असं अजून कित्येकांना वाटतं. तसं नाही. गोंडी द्राविडी, तेलुगूच्या गोतातली. कोरकू मुंडा कुळातली. तिची भावंडं संथाळी, मुंडारी पार झारखंडकडे. पाण्याला गोंडीत ‘येर’, कोरकूत ‘डा’. मेळघाटातल्या धारणीकडच्या पोराची घरात कोरकू, बाजारात हिंदी, शाळेत मराठी.

समाजकार्यात हा प्रश्न ठळक झाला तो दवाखान्याच्या दारात. डिसेंबर १९७३ मध्ये बाबा आमटेंनी गडचिरोलीतल्या हेमलकशाला लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे तिथेच राहिले, माडिया शिकले. कुठे दुखतं हे विचारायलाही तीच लागायची. १९८६ पासून गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातलीच माणसं आरोग्यदूत म्हणून तयार केली. माझ्या मते भाषेचा पेच यामुळे निम्मा सुटतो, कारण विचारणारी आणि सांगणारी एकाच पाड्यावरची असते.

जिथे असं कुणी नाही, तिथे दुभाष्याचं काम शाळकरी पोरीवर येतं. १९९३ मध्ये मेळघाटातले बालमृत्यू राज्यभर गाजले, योजना आल्या, फॉर्म आले, सगळे मराठीत. उपकेंद्रात सिस्टर विचारते, ‘पाळी कधी चुकली? अंगावरून जातं का?’ आई कोरकूत बरंच काही सांगते. सहावीतली लेक खाली बघते आणि म्हणते, ‘काही नाही म्हणते.’ कागदावर तेवढंच चढतं. पोरीची चूक नाही. आईचं ते बोलणं तिच्या तोंडी घालायलाच नको होतं. एवढं करून वर शेरा पडतो, ‘माहिती देत नाही.’

भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, हे कलम घटनेत १९५६ सालीच आलं. तरी गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेला २०१९ मध्ये स्वतःच गोंडी शाळा उघडावी लागली.