बारावीचं गणित: 40 की 88?

नोकरी सांभाळून घरच्या घरी बारावीचं गणित करायचं ठरवलं, की पहिली फसगत पुस्तक घेतानाच होते. नाव दोन्हीकडे एकच, गणित आणि संख्याशास्त्र. एक कला व विज्ञानाचं, दुसरं वाणिज्याचं. महाराष्ट्र बोर्डात पहिल्याचा विषय क्रमांक 40, दुसऱ्याचा 88. लेखी परीक्षा दोन्हीची 80 गुणांची. लॉग टेबल चालतं, कॅल्क्युलेटर नाही. ऑफिसात वर्षानुवर्षं त्यावर बोटं चालवलेल्यांनी हाताने आकडेमोड करायची सवय आधीच लावून घ्यावी.

अनुक्रमणिका चाळली तर दोन्हीकडे लॉजिक, मॅट्रायसेस, डिफरन्सिएशन, इंटिग्रेशन दिसतं. पण 88 मध्ये साइन-कॉस येतच नाहीत. 40 मध्ये ते पानोपानी आहेत, शिवाय व्हेक्टर आणि रेषा-प्रतल वेगळेच. साइनच्या वर्गाचं इंटिग्रेशन घ्या. दुप्पट कोनाचं सूत्र वापरून वर्ग घालवल्याशिवाय ते पुढे सरकत नाही. हे सूत्र अकरावीतलं. ते पक्कं नसलेला माणूस इंटिग्रेशनचीच दहा उदाहरणं पुन्हा पुन्हा घोटत बसतो, आणि दुखणं मात्र मागच्या इयत्तेत असतं. दुसरी नेहमीची चूक डेफिनिट इंटिग्रेशनमध्ये. शून्य ते नव्वद अंश (म्हणजे पाय, π, भागिले दोन) अशा सीमा असताना साइनच्या जागी नवं चल घेतलं, की सीमा शून्य आणि एक होतात. जुन्याच ठेवल्या तर बाकी सगळं बरोबर करूनही उत्तर चुकतं.

88 ला सोपं म्हणून हिणवतात, ते काही खरं नाही. तिथे विमा, ॲन्युइटी (ठरावीक काळाने भरायचे किंवा मिळणारे हप्ते), निर्देशांक, रिग्रेशन, टाइम सिरीज आहे, आणि असाइनमेंट प्रॉब्लेम, म्हणजे कोणतं काम कोणाला दिलं तर एकूण खर्च कमीत कमी येईल, हे खर्चाच्या तक्त्यावरून काढणं. त्यात आधी प्रत्येक ओळीतली सर्वांत लहान संख्या त्या ओळीतून वजा करायची, मग स्तंभांचं तसंच. सगळी शून्यं कमीत कमी रेषांनी झाका. रेषा ओळींइतक्या भरल्या नाहीत, तर न झाकलेल्यांतली सर्वांत लहान संख्या न झाकलेल्या सगळ्यांतून वजा करा आणि रेषा जिथे छेदतात तिथे मिळवा. हे मिळवणंच हमखास राहून जातं. नफा जास्तीत जास्त हवा असेल, तर सुरुवातीलाच प्रत्येक आकडा सर्वांत मोठ्या आकड्यातून वजा करून घ्यायचा. शेवटची बेरीज मात्र मूळ तक्त्यातल्या आकड्यांची.

अभियांत्रिकीची सीईटी द्यायची असेल तर 40 ला पर्याय नाही, आणि तिथे अकरावीचाही भाग येतो. निव्वळ वाणिज्याची बारावी पुरी करायची असेल, तर 88 घ्या आणि त्रिकोणमितीचे महिने वाचवा. तरीही मन 40 कडेच ओढत असेल, तर पुस्तक घेण्याआधी अकरावीची मिश्र कोनांची आणि दुप्पट कोनांची सूत्रं न बघता लिहून पाहा. अडलात तर सुरुवात तिथूनच करा.