हौद्याला लायनर : स्वतः मारायचा की आमच्याकडून मारून घ्यायचा?

इंजिन ठणठणीत, टायर नवे, आणि हौद्याला मात्र भोकं. कोकणातल्या पिकअपची ही रोजची रड आहे. मिरकरवाड्याहून किंवा हर्णैहून मासळी उचलणाऱ्या गाडीत बर्फाचं खारट पाणी दिवसभर साचतं. चिरे वाहणाऱ्या गाडीत प्रत्येक खेपेला चिऱ्याची कड रंग खरवडून नेते. रंग गेला की पत्रा उघडा पडतो, आणि खारं पाणी साध्या पाण्यापेक्षा लोखंड कितीतरी लवकर खातं.

आमच्याकडे येणारे बहुतेक जण आधी हेच विचारतात : लायनरचा, म्हणजे हौद्याला आतून मारायच्या संरक्षक थराचा, डबा बाजारात मिळतो, मग रोलरने मी घरीच मारला तर? मारता येतो. काही गाड्यांना तेवढं पुरतं, आणि तुमची गाडी त्यातली असेल तर आम्ही तसं सांगून तुम्हाला परत पाठवू.

डब्यातला माल आणि स्प्रेचा माल

डब्यात बहुधा रबराचे कण मिसळलेलं पॉलियुरेथेन असतं. ते हवेतली ओल घेऊन घट्ट होतं. दोन हात मारले तरी थर सहसा एक मिलिमीटरच्या आतच राहतो. आम्ही मारतो तो पॉलियुरियाचा थर दोन वेगळ्या द्रवांचा असतो. दोन्ही द्रव मशीनमध्ये साधारण ६५ ते ७० अंशांपर्यंत तापवून मोठ्या दाबाने सोडतात. ते गनच्या तोंडाशी एकत्र येतात आणि काही सेकंदांत घट्ट होतात. म्हणून उभ्या बाजूंवरून माल ओघळत नाही आणि एकाच वेळी दोन-तीन मिलिमीटरचा थर बसतो. घरी हात कितीही चांगला चालला तरी त्या मशीनशिवाय हे जमत नाही.

खरं काम थर मारण्याआधीचं

हा भाग नीट वाचा, कारण निघून आलेले लायनर आम्ही जेवढे पाहिले, त्यातले बहुतेक मालामुळे नाही तर तयारीमुळे निघाले होते. आमच्या स्वतःच्या सुरुवातीच्या कामांतही हे घडलं आहे. एका मासळीच्या गाडीच्या सांध्यांत माशांचं तेल राहून गेलं होतं. पाच महिन्यांत फाळक्याजवळचा (हौद्याच्या मागच्या दाराजवळचा) थर सालीसारखा सोलून आला. ते काम आम्ही पुन्हा फुकट करून दिलं.

तेव्हापासून आमचा नियम असा. हौदा गरम पाणी आणि डिटर्जंटने धुवायचा, मग वरून स्वच्छ पाणी ओतून बघायचं. पाणी थेंब-थेंब होऊन उभं राहिलं तर तेल अजून आहे, पुन्हा धुवायचं. पाणी सपाट पसरलं तर पुढे जायचं. त्यानंतर ग्राइंडर आणि वायर ब्रशने गंज पांढऱ्या पत्र्यापर्यंत काढायचा, चांगला रंग पॉलिश पेपरने खरबरीत करायचा, धूळ पुसायची आणि उघड्या पत्र्याला प्रायमर मारायचा. फुगलेल्या जागी हातोडीने ठोकून बघा. आवाज बसका आला तर तिथे पत्रा आतून गेलेला आहे. आधी नवा तुकडा वेल्ड करून घ्या. गंजावर लायनर मारला तर गंज थांबत नाही, फक्त दिसेनासा होतो.

पाणी जाण्याची भोकं मात्र मोकळी ठेवा. घरी काम करताना ती हमखास बुजतात.

पावसाळ्यात घरी करू नका

मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै. गाडी उभी असते, म्हणून अनेकांना हेच ६१ दिवस सोयीचे वाटतात. पण डब्यातल्या मालाला ओल जास्त मिळाली की त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि थरात बुडबुडे येतात. बुडबुडा फुटला की बारीक भोक, आणि भोकातून पाणी थेट पत्र्यापर्यंत. घरी करायचं तर दिवाळीनंतरचे कोरडे दिवस बघा, आणि पहाटेचं दव पूर्ण वाळल्यावरच सुरू करा. बंदीच्या काळात काम हवंच असेल तर बंद शेडमध्ये, पत्रा तापवून कोरडा करून घेतला तरच होतं.

आणखी एक कळकळीची सूचना. या मालात आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. त्याने दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की पुढे थोड्याशा वासानेही त्रास होतो. तोंडाला रुमाल किंवा कापडी मास्क बांधून त्याची वाफ अडत नाही. रसायनांच्या वाफेसाठीचा फिल्टर असलेला मास्क, हातमोजे आणि चष्मा घ्या, काम उघड्यावर करा, मुलांना लांब ठेवा.

मग कुणी काय करावं?

गाडी नवी आहे, रंग शाबूत आहे आणि माल आंब्याच्या पेट्या, किराणा, फर्निचर असा कोरडा आहे, तर डबा आणा आणि स्वतः मारा. पहिली खेप टाकण्याआधी मारलात तर उत्तम. दोन-तीन वर्षांनी ओरखडे पडतील तिथे पुन्हा एक हात द्यावा लागेल, एवढंच.

मासळी, खत, चिरे, वाळू किंवा खडी असेल तर जाड थरच हवा. चिऱ्याच्या गाड्यांचे मालक चेकर प्लेट (उठावाची नक्षी असलेला जाड लोखंडी पत्रा) सुचवतात. ती दणकट आहे, पण अडीच मीटर लांब आणि पावणेदोन मीटर रुंद तळाला तीन मिलिमीटरची प्लेट शंभर किलोच्या पुढे जाते. तेवढाच जाड लायनर साधारण पंधरा किलोंचा होतो. उरलेल्या पंचाऐंशी किलोंचा माल प्रत्येक खेपेला तुमचा. शिवाय प्लेटखाली पाणी शिरतं आणि मूळ पत्रा नजरेआड गंजत राहतो. फक्त चिरेच वाहणार असाल तर आधी लायनर आणि वर सुटी जाड रबर मॅट टाका. ती दर आठवड्याला उचलून खालची वाळू झाडा.

दर हौद्याच्या मापावर आणि गंजावर ठरतो, म्हणून फोनवर आकडा सांगत नाही. गाडी रिकामी करून, आदल्या दिवशी धुवून आणा. हातोडी घेऊन तुमच्यासमोरच तपासू. तपासणीचे पैसे नाहीत.