सफ्रजेट चळवळीतल्या छापील वस्तू

ब्रिटनमध्ये बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जी सफ्रजेट चळवळ झाली (सफ्रजेट म्हणजे मताचा हक्क मागणाऱ्या लढाऊ बायका) तिच्यात पोस्टकार्डं, बिल्ले, पोस्टर, कागदी नॅपकिन, खेळ असं काय काय छापून विकलं गेलं. चळवळीला यातून पैसा मिळायचा आणि प्रचार थेट लोकांच्या घरात पोचायचा. चळवळीच्या पुढारी एमेलिन पँकहर्स्ट यांची डब्ल्यूएसपीयू (विमेन्स सोशल अँड पोलिटिकल युनियन) ही संघटना (स्थापना १९०३, मँचेस्टर) यात सगळ्यात हुशार. १९०८ मध्ये त्यांनी जांभळा, पांढरा, हिरवा हे रंग ठरवले आणि १९१० मध्ये लंडनच्या चेरिंग क्रॉस रोडवर दुकानच उघडलं.

१९०९ चा 'पँक-अ-स्क्विथ' हा बोर्डगेम बघण्यासारखा आहे, नाव पँकहर्स्ट आणि पंतप्रधान अ‍ॅस्क्विथ यांच्यावरून, आपल्या सापशिडीसारखं घरं मोजत घरापासून निघून पार्लमेंटपर्यंत पोचायचं आणि वाटेत पोलीस, कोर्ट, तुरुंग.

पण खरी कमाल नॅपकिनची. २१ जून १९०८ ला हाइड पार्कात प्रचंड सभा झाली तेव्हा फेरीवाले पातळ कागदाचे नॅपकिन विकत होते, कडेला रंगीत फुलं, मध्ये सभेची माहिती. हे छापणारे धंदेवाईक लोक, चळवळीतले नव्हेत, म्हणजे गर्दी येणार आणि माल खपणार याची त्यांना खात्री होती, आणि मला तर हाच चळवळीच्या ताकदीचा सगळ्यात प्रामाणिक पुरावा वाटतो. १९१३ मध्ये एमिली डेव्हिसन (डर्बीच्या शर्यतीत राजाच्या घोड्याची धडक बसून गेलेल्या सफ्रजेट) यांच्या अंत्ययात्रेचेही असे नॅपकिन निघाले. इतका नाजूक कागद शंभर वर्षं कुणीतरी जपून ठेवला म्हणून आज म्युझियममध्ये बघायला मिळतो.

विरोधकही गप्प नव्हते. नवरा कपडे धुतोय, पोर रडतंय आणि बायको सभेला गेलीय अशी टिंगल करणारी पोस्टकार्डं बाजारात भरपूर होती, तुरुंगात उपोषण करणाऱ्या बायकांना नळीने जबरदस्तीने खायला घालायचे त्यावरसुद्धा विनोद छापले, हे बघून आजही संताप येतो.

मुंबईशी याचा सरळ संबंध आहे. १९११ मध्ये काश्मीरला सुट्टीवर गेलेल्या, मुंबईच्या पारशी कुटुंबातल्या हेराबाई टाटांना सोफिया दुलीपसिंग (पंजाबचे महाराजा दुलीपसिंग यांची मुलगी, ब्रिटनमधल्या सफ्रजेट) भेटल्या, सोफियांच्या कपड्यावर 'व्होट्स फॉर विमेन' लिहिलेला छोटा बिल्ला होता, त्यावरून विचारपूस झाली आणि हेराबाई या कामाकडे ओढल्या गेल्या. १९१९ मध्ये त्या मुलगी मिठन हिला घेऊन लंडनला गेल्या आणि भारतीय बायकांच्या मताधिकाराची बाजू पार्लमेंटच्या समितीपुढे मांडली. १९२१ मध्ये मुंबई प्रांतात मालमत्तेची वगैरे अट पूर्ण करणाऱ्या बायकांना मत मिळालं.