तळपायाची जखम आणि चप्पल : मधुमेही ग्राहकांसाठी माहिती

तळपायाला उघडी जखम असेल, तर कृपया आज आमच्याकडे चप्पल घेऊ नका. आधी डॉक्टरांना पाय दाखवा. मऊ चप्पल घातली की जखम भरून येईल, या आशेने बरेच जण दुकानात येतात आणि त्यांना परत पाठवताना आम्हालाही वाईट वाटते. पण मधुमेहींची चप्पल जखम होण्याआधी आणि जखम भरल्यानंतर वापरायची असते. मधल्या काळात पायाला जे लागते ते डॉक्टरांकडेच मिळते.

जखम होते कशी?

रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पायाच्या नसा निकामी होऊ लागतात. आधी मुंग्या येतात, तळवे जळजळतात, पुढे पाय बधिर होतो. जळजळ आपोआप थांबली म्हणून लोकांना हायसे वाटते. पुष्कळदा संवेदनाच गेलेली असते. अशा पायाला घाम कमी येतो, कातडी कोरडी पडते, टाचांना भेगा पडतात. पायातले लहान स्नायू दुबळे झाल्याने बोटे वाकतात आणि चालताना सगळा भार चवड्यावर येतो. तिथे घट्टा पडतो. हा घट्टा चपलेत अडकलेल्या खड्यासारखा प्रत्येक पावलाला आतले मांस चेचत राहतो, पण बधिर पायाला ते कळत नाही. आत रक्त साकळते, पाणी धरते आणि एक दिवस मोज्याला डाग दिसतो. घट्ट्यात काळपट ठिपका दिसला, तर आत जखम झाली आहे असेच धरून चाला आणि लगेच दाखवा.

काही जखमा बाहेरून होतात. भर उन्हात देवळाच्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा, मोटारसायकलच्या सायलेन्सरचा चटका, शेकायची गरम पिशवी, झोपेत उंदराने कुरतडलेले बोट. शेवटचे अनेकांना खरे वाटत नाही, पण ते घडते. माप घेण्याआधी आम्ही तुमची जुनी चप्पल उलटी करून पाहतो, ते याचसाठी. तळातून आरपार घुसलेला खिळा किंवा काटा निघतो आणि घालणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

मलमाने का भरत नाही?

‘मलम झाले, पावडर झाली, इंजेक्शने झाली, जखम आहे तशीच,’ हे आम्ही नेहमी ऐकतो. कारण बहुतेक वेळा एकच : माणूस त्याच जखमेवर चालतो आहे. पाय दुखत नाही, म्हणून लंगडतही नाही. ब्रिटिश सर्जन डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये आले आणि त्यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांवर काम केले. पाय रोगामुळे आपोआप सडतो, असे तेव्हा मानले जाई. जखमा न कळणाऱ्या दाबामुळे होतात आणि पाय प्लास्टरमध्ये ठेवला तर भरतात, हे त्यांनी दाखवून दिले. मधुमेहाच्या जखमेलाही आज तोच उपचार लागू पडतो.

चवड्याखालच्या जखमेला डॉक्टर गुडघ्याखालपर्यंत, पायाला चिकटून बसणारे प्लास्टर घालतात. त्याने भार पोटरीकडे वाटला जातो आणि साधी जखम बहुधा सहा ते आठ आठवड्यांत भरते. जंतुसंसर्ग जास्त असेल किंवा रक्तपुरवठा फार कमी असेल, तर ते चालत नाही. काढता-घालता येणारा बूटही मिळतो. पण लोक तो घरात काढून ठेवतात, रात्री बाथरूमला तसेच जातात, आणि कमावलेले सगळे तिथेच जाते. म्हणून डॉक्टर न निघणारे प्लास्टर सुचवत असतील तर गैरसोय सोसा, असे आम्ही मनापासून सांगतो.

प्लास्टर घालण्याआधी मेलेली कातडी आणि घट्टा कापून जखम साफ करतात. त्यानंतर जखम पहिल्यापेक्षा मोठी दिसते, घाबरू नका. पायाची नाडी लागत नसेल तर रक्तप्रवाह पाहणारी डॉपलर तपासणी होते आणि रक्तवाहिनी अरुंद निघाली तर अँजिओप्लास्टी किंवा बायपास लागू शकते. रक्तच पोहोचत नसेल तर महागडे ड्रेसिंग काय करणार? चार आठवड्यांत जखम निम्म्यावर आली नाही, तर उपचार बदलायचे का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

पाय लाल होऊन सुजला, पू किंवा दुर्गंधी येऊ लागली, बोट काळे पडले, ताप आला किंवा साखर अचानक चढली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. जखम नसताना एकच पाय गरम होऊन सुजला तरीही. आतली हाडे न दुखता मोडत असू शकतात. डॉक्टरांना दाखवेपर्यंत त्या पायावर चालू नका.

घरी ब्लेडने कुरूप कापू नका. कुरूपावर लावायच्या कॉर्न कॅप नावाच्या पट्टीतल्या आम्लाने चांगली कातडीही भाजते. हळद, चुना, तंबाखू जखमेत भरू नका.

जखम भरल्यावर

भरलेल्या जखमांपैकी सुमारे ४० टक्के वर्षभरात पुन्हा उघडतात. म्हणून चप्पल कायमची, आणि घरातसुद्धा.

आमच्या चपलेत एमसीआर, म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराचा थर असतो. खिळा एकही नाही, सगळे चिकटवलेले. अंगठा अडकवायची वादी नसते, कारण ती बोटांच्या बेचक्यात घासते. मागे पट्टा असतो, कारण बधिर पायातून चप्पल निसटली तरी कळत नाही. आतली लांबी पायापेक्षा एक ते दोन सेंटिमीटर जास्त ठेवतो. बोटे वाकडी असतील किंवा बोट काढलेले असेल, तर तळव्याचा साचा घेऊनच आतला थर बनवावा लागतो. त्याला वेळ लागतो, घाई करू नका.

मापाला शक्यतो संध्याकाळी या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. जुनी चप्पल आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत आणा. नवी चप्पल पहिल्या दिवशी तासभरच घाला आणि काढल्यावर तळवे आरशात बघा किंवा घरच्यांना बघायला सांगा. लाल डाग राहिला असेल तर चप्पल परत आणा, आम्ही दुरुस्त करून देऊ. काही महिन्यांनी चवड्याखालचा थर अंगठ्याने दाबून पाहा. दबून पातळ झाला असेल तर चप्पल वरून कितीही नवी दिसो, थर बदलून घ्या.